आरशावर अव्वाची बोटं

मिरज स्टेशनवर माझे वडील, आप्पा, अख्ख्या डब्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "बंगळूर काय लांब हाय व्हय? झोपून उठलास की आलं!" अव्वा, म्हणजे माझी आई, खिडकीचा गज धरून नुसती उभी होती. नव्वदच्या दशकात आमचं गाव, शिरोळ, सुटलं ते असं. तुम्ही तिथंच राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनो, तुम्हाला हे नव्यानं काय सांगायचं?

नोकरी दुर्बिणीचे आरसे तपासायची. आरशावरून परतलेला लेसरचा उजेड एका सपाट काचेवरून परतलेल्या उजेडात मिसळायचा, की पडद्यावर काळे-उजळ पट्टे उमटतात. पट्टा वाकला की तिथं आरसा उंच-सखल, केसाहून कितीतरी बारीक का असेना. दाराची कडी वाजली तरी पट्टे थरथरतात, म्हणून दिवसभर गप्प बसायचं. आमच्या घरात जेवायला हाक मारली तरी भांडण वाटायचं, आणि मी इथं कुजबुजायला शिकलो. वीट आला हो त्या शांततेचा.

आप्पा गेले. पुढं महापुरात घरात पाणी शिरलं, तेव्हा अव्वाला घेऊन आलो. तिनं आता कायमचं माझ्याजवळ राहावं, एवढंच मला हवं होतं.

आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, लॅबमध्ये घरच्यांनाही बोलावतात. यंत्रांना झेंडू, कुंकू. मी लॅबच्या मुख्य सरांशी बोलतोय तोवर अव्वानं कनवटीची विभूती काढली आणि थेट आरशावर तीन बोटं ओढली!

"अव्वा, अगं काय केलंस!" मी ओरडलोच.

"परवागिल्ला, अम्मा," काही हरकत नाही, असं कानडीत म्हणत सर हसले. विभूती पुसली, तरी पडद्यावर पट्टे तेवढ्या जागी वाकलेलेच. बोटांच्या उबेनं आरशाची काच फुगली होती. थोड्या वेळानं आपोआप सरळ झाले.

रिक्षात अव्वा म्हणाली, "हात लावायचा न्हाय, मोठ्यानं बोलायचं न्हाय. शेजारची दारं बी बंद. मी हितं दिवसभर करू काय रं?" मी खूप समजावलं. दिवाळीआधी तिला शिरोळला पोचवून आलो.

घर कुठलं विचारलं की अजून शिरोळच तोंडात येतं. गेल्या सुट्टीत गेलतो, तेव्हा शेजारीण दारातूनच ओरडली, "कोण आलंय गं?"

"बंगळूरचं पावणं आल्यात!" अव्वा थट्टेनं म्हणाली. मीही हसलो.

मग ती आत गेली, आणि पाहुण्यांसाठी जपून ठेवलेल्या कपबशीतनं माझा चहा घेऊन आली. ही थट्टा नव्हती.