बाबा त्याच्यापाशी थांबायचे
पोलीस भरतीत पुलअप्सना गुण होते, म्हणून मी रोज सकाळी घुग्घुसच्या मैदानावरच्या लोखंडी बारला लटकायचो. हनुवटी बारपर्यंत पोहोचायच्या आधीच हात सुटायचे.

त्याच सुमारास खाणीतली रात्रपाळी संपवून एक जण यायचा. हेल्मेट खांबाला अडकवायचा, तळहातांना माती चोळायचा आणि सहज वर जायचा. पाय जराही झुलत नसत. फिरायला आलेले माझे बाबा त्याच्यापाशी थांबून हसून बोलायचे. माझ्यापाशी कधी थांबले नाहीत. त्याच्या दंडांपेक्षा मला त्या गप्पांचा हेवा वाटायचा.

एकदा तो माझ्याजवळ आला. "असा झटके काऊन देतं? आधी खांदे खाली घे, मंग वर जाय."

"तुम्हाले कोणी सांगितलं शिकवाले?" मी चिडून विचारलं.

"तुह्या बाबूजीनं. रोज माह्या मागं लागून राह्यले. पोरगा लय मेहनती हाय, त्याले शिकव म्हणते. पण 'मी सांगितलं' म्हणून त्याले सांगू नोको म्हणे."

मी खांदे खाली घेतले आणि वर गेलो. हनुवटी पहिल्यांदाच बारच्या वर आली. पोरगा मेहनती आहे, हे बाबांनी रोज त्याला सांगितलं होतं, मला कधीच नाही. त्या दिवशी मला त्याचा सगळ्यात जास्त हेवा वाटला.