खुशबूले फोन

पवनीच्या सत्यभामाबाईचं पोट दुखायचं, पण ते डॉक्टरला दाखवण्यातलं दुखणं नव्हतं. शेजारणीनं कूलर घेतला की दुखायचं. जावेच्या धानाला दोन पोती जास्त उतरली की दुखायचं. एकोणीसशे नव्याण्णव साली भंडारा जिल्हा फुटला, गोंदिया वेगळा झाला आणि अर्जुनीला दिलेली तिची धाकटी बहीण त्या नव्या जिल्ह्यात गेली. त्यावरूनसुद्धा ही बाई आठ दिवस फणफणत होती. “तिले नवा कोरा जिल्हा भेटला, आन् मले तोच जुना!” नवरा मंगरू धानगिरणीत कामाला, गरीब स्वभावाचा माणूस. तो म्हणाला, “अवं, जिल्हा म्हणजे लुगडं हाये का?” त्या दिवशी त्याच्या भाजीत मीठ पडलं नाही.

आता कोणी म्हणेल, काय दुष्ट बाई असेल! छे. बावीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस होती. गावच्या पोरांची नाकं पुसली, खिचडी शिजवली, पडलेलं पोर कडेवर घेऊन दवाखान्यात पळाली. जीव लावायची तर असा लावायची, आणि ज्याला जीव लावला त्याच्यात दुसरा वाटेकरी तिला खपायचा नाही. खुशबू ही तिची एकुलती एक लेक. म्हणजे ठिणगी कुठे पडणार हे सांगायलाच नको.

खुशबू भंडाऱ्याच्या सुगतला दिली होती. सुगतची आई सुमनबाई, सत्यभामाबाईची इवाईन, म्हणजे विहीण. निवृत्त नर्स, शुभ्र पातळ, हळू बोलणं. लग्नाला दोन वर्षं झाली आणि या दोन वर्षांत सुमनबाईच्या तोंडचा एकच शब्द सत्यभामाबाईला रोज टोचत होता: “आमची खुशबू.” पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तेही या बाईनं हळूच काढून घेतलं. “दवाखाना घराजवळ हाये, मी नर्स राहिलो, पोरगी इथंच राहू द्या.” सुगतनं मान हलवली, मंगरूनं मान हलवली. सत्यभामाबाई तेवढी आतल्या आत जळत राहिली.

त्यात पवनीहून लुंबिनीला बस निघाली. दहा दिवसांची धम्मयात्रा. खुशबूचे दिवस भरायला अजून महिना होता, म्हणून सुमनबाईनं नाव नोंदवलं. आता बघा, देवानं नव्हे, बसवाल्यानंच संधी दिली होती! इवाईन दहा दिवस परदेशी. जायचं, लेकीजवळ बसायचं, हवे तेवढे लाड करायचे. पण नाही. सुमनबाई लुंबिनी पाहून येणार आणि जन्मभर सांगणार, हे सत्यभामाबाईला कसं सोसावं? तिनंही नाव नोंदवलं. मंगरू म्हणाला, “पोरीजवळ काहून नाई रायत?” ती म्हणाली, “तुमाले काय समजते!”

सुनौलीची कमान ओलांडून बस नेपाळात शिरली आणि सगळ्यांचे मोबाइल एकदम मुके झाले. पलीकडे सिमकार्डाचं एक लहानसं दुकान होतं. मतदान कार्डाची प्रत आणि फोटो द्या, कार्ड घ्या. दुकानदार हिंदीत समजावून सांगत होता: “देखो माताजी, दो कंपनी है. हरे पट्टेवाली से इंडिया बात सस्ती, पर रेंज का भरोसा नहीं. लाल पट्टेवाली थोड़ी महंगी, पर गाँव-देहात में भी पकड़ती है.”

सुमनबाईनं शांतपणे विचार केला आणि हिरवं घेतलं. सत्यभामाबाईलाही हिरवंच घ्यायचं होतं. सस्त्याचं कोणाला नको? पण इवाईनीनं घेतलं तेच आपण घ्यायचं? “मले लाल दे.”

दुकानदारानं कागद पुढे केला आणि दोन्ही अंगठे उमटवायला सांगितले. सत्यभामाबाई भडकली. “अंगठा? मले सही येते!” तिकडे तसाच कायदा, सही करणाऱ्यालाही अंगठे द्यावेच लागतात, हे त्यानं दोनदा सांगितलं. सुमनबाईनं केव्हाच देऊन टाकले होते. सत्यभामाबाईनं अंगठे दिले, वर झोकात सहीही ठोकली.

दुकानाच्या पायरीवरूनच तिनं लेकीला फोन लावला. “हा नंबर लिहून घे वं. काही झालं, दुखलं-खुपलं, तं पहिले मले लावजो. पहिले मले! आयकलं का?”

“हो वं आई,” खुशबू हसली.

सुमनबाईनंही आपला नंबर सुगतला दिला. ती पहिले-बिहिले काही म्हणाली नाही. त्याचाच सत्यभामाबाईला जास्त धसका बसला. इतकी बेफिकीर आहे म्हणजे हिला पक्की खात्री आहे, असा तिनं अर्थ काढला.

लुंबिनीच्या धर्मशाळेत मात्र मजा झाली. जाड भिंतींच्या त्या खोल्यांत हिरव्याला रेंज येईना आणि लालचे सगळे दांडे उभे. सत्यभामाबाई फोन कानाला लावून मुद्दाम सुमनबाईच्या खाटेसमोरून फिरायची. “हो, हो, आयकू येऊन राह्यलं, साफ!” सुमनबाई म्हणायची, “बरं झालं, एकाचा तरी लागते.” बोलण्यात जराही जळजळ नाही. ही बाई जळत का नाही, याचीच सत्यभामाबाईला आग व्हायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मायादेवीच्या मंदिराकडे निघाले. सुमनबाईचे गुडघे सुजले होते, ती धर्मशाळेतच थांबली. सत्यभामाबाईच्या फोनची बॅटरी संपत आली होती, तो तिनं ओसरीवर चार्जिंगला लावला आणि झाडणाऱ्या म्हाताऱ्या नेपाळी बाईला खुणेनं सांगितलं, लक्ष ठेव. मंदिरात तिनं हात जोडले. पोरगी सुखरूप सुटू दे, एवढंच मागायचं ठरवलं होतं. पण खोटं कशाला सांगा, ‘आन् बातमी मले पहिले कळू दे’ हेही तिनं जोडलं.

परत आली तर म्हातारी फोन दाखवत, मोठं हसत म्हणाली, “खुशबूले फोन गरेको थियो!”

सत्यभामाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. खुशबूले फोन? म्हणजे खुशबूला फोन केला? कोणी केला? मी तर मंदिरात. धर्मशाळेत मागे राहिली कोण? जिचा हिरवा लागत नाही ती! माझा फोन उचलला, माझ्याच लेकीला लावला, आणि वर मला पत्ता नाही!

ती तशीच जेवणाच्या पंगतीत घुसली. “सुमनबाई, माया फोन कायले घेतला?”

“मी? मी तं हातही नाई लावला, इवाईनबाई.”

“ते म्हातारी सांगून राह्यली ना, खुशबूले फोन केला म्हणून! तोंडानं गोड आन् असे धंदे! मले मांगितला असता तं मी नाई म्हटली असती का?”

सुमनबाई भात कालवत राहिली, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून सत्यभामाबाईला वाटलं, पकडली! तिनं फोनची बॅटरी काढली, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि सांगून टाकलं, “आता पाहतो, कोण लावते ते.” तो दिवस, ती रात्र फोन बंद. बॅटरीची गाठ उशाशी घेऊन झोपली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बस तिलौराकोटला थांबली. मोकळं रान, जुन्या विटांचे पाये. सुमनबाई बसमधून उतरते न उतरते तोच तिचा हिरवा फोन खणखणला. तिनं ऐकलं, तोंडावर हात ठेवला आणि गुडघे विसरून जवळजवळ पळतच आली. “इवाईनबाई! नात झाली! काल रातीच. दोघीही बऱ्या हायेत. घ्या, खुशबू तुमालेच मांगून राह्यली.”

महिनाभर आधी! नात झाली, लेक सुखरूप. पण खरं सांगायचं तर त्या पहिल्या क्षणीसुद्धा तिच्या पोटात एक कळ गेलीच: हिला पहिले कळलं. तिनं फोन घेतला आणि तोंडून निघालं तेही तेच, “पहिले मले लावजो म्हटलं होतं ना वं?”

पलीकडे खुशबूचा आवाज थकलेला होता. “लावला ना आई. काल सकाळीच लावला. कळा सुरू झाल्या तशी पहिले तुलेच लावला, सुगतलेही नंतर सांगितलं. कोनी नेपाळी बाईनं उचलला. मी म्हटलं, खुशबू बोलून राह्यलो, आईले द्या. तिले समजलं नाई. मंग दिवसभर लावला तं बंद. दवाखान्यात जाईपर्यंत लावत होतो. मले भेव लागून राह्यलं होतं, आई. तुया आवाज आयकाचा होता.”

खुशबूले. तेव्हा कुठे सत्यभामाबाईच्या डोक्यात उजेड पडला. आपल्याकडे खुशबूले म्हणजे खुशबूला. त्या म्हातारीच्या बोलीत खुशबूले म्हणजे खुशबूनं. खुशबूनं फोन केला होता, एवढंच ती बिचारी आनंदानं सांगत होती. दुसरं कोणी असतं तर त्यानं निदान विचारलं असतं. हिला विचारायची गरजच पडली नाही, कारण हिच्या मनात उत्तर आधीच तयार होतं.

“आई? आयकू येते का?”

“येते,” सत्यभामाबाई म्हणाली. लेक कळा देत होती, आपला आवाज मागत होती, आणि आपण बॅटरी पदरात बांधून बसलो होतो.

फोन परत देताना तिची मान खाली होती. माफी कशी मागतात हे ती जन्मात शिकली नव्हती. “सुमनबाई, ते फोन... तुमी नव्हता...” एवढंच कसंबसं बोलली.

सुमनबाईनं फोन घेऊन पदरानं पुसला. मग म्हणाली, आणि तेव्हा तिच्या हळू आवाजात पहिल्यांदाच काहीतरी जळाल्यासारखं ऐकू आलं, “तुमी पंगतीत बोलल्या तवाच मले समजलं होतं, तिनं तुमालेच लावला असन म्हणून. मी दोन वरसं तिचं सारं केलं, इवाईनबाई. पण कळा आल्या तं पोरगी मायलेच बलावते. माया फोन आज वाजला तो, तुमचा बंद होता म्हणून.”

हे वाक्य सुमनबाईच्या तोंडून ऐकायला सत्यभामाबाई दोन वर्षं तडफडली होती. आता ऐकलं, तर तिला वर बघवेना.