डबीच्या आतलं

काकांना सगळी गल्ली डबीकाका म्हणायची, आणि त्यात चिडवणं किती अन् मान किती, हे काकांनी कधी तपासून पाहिलं नाही. उभा जन्म टेलिफोन खात्यात गेला त्यांचा. खांबावर चढून, तारा ओढून, लोकांच्या दारात उभं राहून. कुणाचा फोन बंद पडला की काका सायकल भिंतीला टेकवायचे, घराबाहेरच्या भिंतीवरची काळी डबी उघडायचे, घरात जाणारी तार सोडवायचे आणि कमरेचा टेस्टिंग फोन लावून कान द्यायचे. टोन आला की संपलं. "डबीपर्यंत आमचं, डबीच्या आत तुमचं," एवढं बोलून झाकण बंद. घरातली बाई कितीही गयावया करो, बाप्या कितीही आवाज चढवो, काका उंबरा ओलांडायचे नाहीत. नियमच तसा होता, आणि तो काही वाईट नव्हता. लोकांनी पलंग सरकवताना तार चेपायची, पोरांनी तिला लोंबकळायचं आणि खात्याने येऊन निस्तरायचं, हा कुठला न्याय? पण बाकीचे लाईनमन 'बघतो जरा' म्हणत आत डोकवायचे. काका नाही म्हणजे नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात त्यांचं तेच वाक्य म्हणून दाखवलं, सगळे पोट धरून हसले आणि काका खुर्चीत जरा ताठ बसले.

आता एवढा नियमाचा माणूस स्वतःच्या घरात काय करतो, ते बघा.

घर दुमजली. खाली काका-काकू, वरच्या दोन खोल्या भाड्याने. वरच्या न्हाणीघराची भिंत सरकवायचं काम काढलं, तेव्हा वरच्या फोनची तार नेमकी मध्ये आली. गवंडी खोळंबलेला. काकांनी तार कापली, भिंतीला वळसा घालून नेली, आणि अपुरी पडली तिथे तुकडा जोडला. हातानेच पीळ दिला, वरून चिकटपट्टी गुंडाळली आणि लाकडी पट्टी ठोकून सगळं झाकून टाकलं. ओलीच्या भिंतीलगत उघडा जोड ठेवू नये, हे शिकाऊ पोरालाही कळतं. काकांनीच कितीतरी जणांना तसं शिकवलं होतं, आणि दुसऱ्या कुणी असं काम केलं असतं तर त्याची सालटी काढली असती. "तात्पुरतं आहे, नंतर नीट करतो," असं ते काकूंना म्हणाले. तात्पुरत्या कामाला मरण नसतं, हे काही मी सांगायला नको.

पुढे त्या खोल्यांत सिस्टर राहायला आली. प्रसूतिगृहात नर्स, बरोबर म्हातारी आई, आणि सामान म्हणजे दोन ट्रंका. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे, म्हणून अडलेली बाई आली की अवेळी हिलाच फोन यायचा. तिकडच्या मेट्रन बाई म्हणायच्या की ही मुलगी चप्पल घालूनच झोपत असावी, इतकी लगेच येते. सिस्टरला ते बोलणं फार आवडायचं. गरिबाच्या लेकीला दुसरं काय असतं? नावच तेवढं असतं.

आणि मग फोन बिघडला. आधी नुसती खरखर. मग दवाखान्यातून लावला की एंगेज. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज. एक बाई फार अडली होती, तेव्हा शेवटी दुसऱ्या नर्सला शोधून आणावं लागलं. बाळ-बाळंतीण वाचली, पण कुजबुज सुरू झाली की सिस्टर हल्ली रिसीव्हर काढून ठेवते आणि खुशाल झोपते.

सिस्टर रडवेली होऊन खाली आली. काकांनी जुना टेस्टिंग फोन काढला, डबी उघडली, आतली तार सोडवली. टोन अगदी स्वच्छ. मग त्यांनी आपलं ठरलेलं वाक्य म्हटलं. तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण शहाण्या माणसाची जीभ थांबते का? एंगेज येतो म्हणजे रिसीव्हर जागेवर नसतो, असं त्यांनी समजावलं. दिवसभर घरात मावशीच असतात ना, वय झालंय, ठेवताना तिरका राहत असेल, असंही म्हणाले.

त्या वेळी त्यांना न्हाणीघराजवळचा जोड आठवला नाही, असं म्हणायची सोय आहे. पण आठवला होता. ओल शिरली की दोन तारा आतल्या आत भिडतात आणि रिसीव्हर उचलल्यासारखाच एंगेज येतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आठवला, आणि त्यांनी तो बाजूला सारला. पट्टी उखडायची म्हणजे सिस्टरसमोर आपलं पितळ उघडं पडणार. त्यापेक्षा नियम बरा.

आठवड्याभरात मेट्रन बाईंचा काकांच्याच फोनवर फोन आला. तुम्ही स्वतः टेलिफोनमधले, म्हणून विचारते, तिचा फोन खरंच बिघडलाय का, असं त्यांनी सरळ विचारलं. त्यांनाही ती मुलगी त्याच कामावर हवी होती. काकांनी 'बिघडलाय' एवढं म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता.

"लाईन चालू आहे," काका म्हणाले. "मी स्वतः तपासलीय."

शब्द ना शब्द खरा होता. कोपऱ्यात धान्य निवडत बसलेल्या काकूंचा हात थांबला आणि त्यांनी वर पाहिलं. काकांनी पेपर उघडला.

सिस्टरला प्रसूतीच्या खोलीतून काढून कपड्यांच्या खोलीत बसवलं. चादरी मोजायच्या, घड्या घालायच्या. इतकी वर्षं पोरं जगात आणली त्या हातांनी! आणि वरच्या खोलीत जे सुरू झालं, ते छतातून खाली ऐकू यायचं. आधी सिस्टरचा चढलेला आवाज. मग म्हातारीचं पुटपुटणं. मग रिसीव्हर उचलल्याचा आणि ठेवल्याचा खट्ट आवाज, पुन्हा खट्ट, पुन्हा खट्ट. म्हातारी ठेवून बघायची, तपासायची, पुन्हा ठेवायची. काका रेडिओ मोठा करायचे. काही दिवसांनी तो आवाजही बंद झाला.

डबीच्या आतलं आपलं म्हटल्यावर सिस्टरने आपणच माणूस शोधला. आला तो नेमका बारक्या. काकांच्याच हाताखाली शिकलेला, पुढे खातं सोडून स्वतःचं दुकान काढलेला, आणि आता दारातून आडवं शिरावं लागेल इतका फुगलेला. सिस्टर कामावर होती. काका उगाचच त्याच्या मागोमाग वर गेले.

बारक्याने तारेवर हात फिरवत फिरवत न्हाणीघर गाठलं आणि पट्टी उचकटली. चिकटपट्टी सुटून लोंबत होती, तांबं हिरवं पडलेलं. बारक्या तो जोड बोटांत धरून नुसता बघत राहिला. काका डावखुरे. त्यांचा पीळ सगळ्या खात्याच्या उलटा पडायचा, आणि कुठल्याही खांबावर तो दिसला की पोरं म्हणायची, उस्ताद येऊन गेले. बारक्याने मागे वळून पाहिलं नाही. जोड कापला, खिशात टाकला, तार नवी घातली.

जाताना म्हातारीने विचारलं, काय झालं होतं. बारक्याने एकदा काकांकडे पाहिलं आणि म्हणाला की विशेष काही नव्हतं, तार जुनी होती म्हणून बदलली, रिसीव्हर तेवढा जपून ठेवत जा.

"माझ्याच हातून राहतो तो," म्हातारी म्हणाली. "आता मी हातच लावत नाही त्याला."

ती फोनपासून लांब, भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही हात पदरात घेऊन. काकांना तिथेच जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. बारक्या जिना उतरताना 'येतो उस्ताद' म्हणाला, नेहमीच्याच आदराने. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

काकांनी काकूंना सगळं सांगितलं. सांगताना तोंड खिडकीकडे. काकूंनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "जन्मभर दुसऱ्याच्या उंबऱ्यावर उभं राहून बोललात. हा उंबरा कुणाचा?"

काकांनी चपला घातल्या. आधी दवाखान्यात गेले, कारण परक्यापुढे मान खाली घालणं त्यातल्या त्यात सोपं. मेट्रन बाईंसमोर उभं राहून त्यांनी सांगितलं की फोन खरंच बिघडलेला होता, दोष माझ्या हातच्या कामाचा होता, आणि मला तो माहीत होता. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मी तुम्हालाच तर विचारलं होतं." सिस्टरच्या जागेवर दुसरी नर्स आली होती. बघते काय करता येतं, म्हणाल्या, आणि समोरच्या कामाकडे वळल्या.

मग जिना. स्वतःच्याच घराचा जिना, पण काका एकेक पायरी मोजत चढले. सिस्टर नुकतीच आली होती, अजून पर्स खांद्यावर होती. काका दारातच उभे राहिले आणि तिथूनच बोलले. जोड, ओल, मेट्रन बाईंना दिलेलं उत्तर, काही राखून ठेवलं नाही. काकांना वाटलं होतं सिस्टर रागावेल, ओरडेल, खोली सोडते म्हणेल. त्या सगळ्याची त्यांनी तयारी केली होती.

बोलली ती म्हातारी. भिंतीजवळून हळूच.

"म्हणजे मी नीट ठेवत होते?"

"हो मावशी. नीट ठेवत होतात."

"रोज?"

"रोज."

म्हातारीने लेकीकडे पाहिलं. "मग त्या डोक्याच्या डॉक्टरकडे पुन्हा जायला नको ना गं? त्याच्या त्या गोळ्यांनी मला दिवसभर झोप येते."

सिस्टरच्या खांद्यावरून पर्स घसरली. ती आईजवळ जाऊन खाली बसली, आईचे दोन्ही हात तिने पदरातून बाहेर काढले आणि त्यांच्यावर कपाळ टेकलं. म्हातारी तिला थोपटत काकांना म्हणाली, या ना, आत या, बाहेर का उभे. काका उंबऱ्याबाहेरच राहिले.

"काका," सिस्टर मान वर न करता म्हणाली, "तुम्ही आता खाली जा."

काका खाली गेले.