ग्रीक शोकांतिका आणि आमच्या वॉर्डाची निवडणूक

नोकरी सांभाळून मी एम. ए.ला बसलो होतो. त्यात ग्रीक महाकाव्य आणि शोकांतिका असा एक पेपर होता आणि त्यातल्या संज्ञा काही केल्या डोक्यात राहत नव्हत्या. जानेफळच्या बाजारातून आणलेल्या वहीत त्या दहा दहा वेळा लिहून काढल्या, उपयोग शून्य. मग मी एक उद्योग केला. एकेक संज्ञा गावातल्या एकेका माणसाला चिकटवून टाकली.

महाकाव्याची गोष्ट अगदी सुरुवातीपासून सांगत नाहीत, मधूनच धरतात. ही संज्ञा मी काकूला दिली. "अन् मंग तिनं ताट आदळलं!" असं म्हणतच काकू घरात शिरायची, ती म्हणजे कोण, हे आम्हाला अर्ध्या तासानं कळायचं. वीराच्या नावाला कायमचं चिकटलेलं विशेषण मी शेजारच्या आत्याबाईंना दिलं. 'कोणालाच न सांगणाऱ्या' आत्याबाई. हे त्या स्वतःच गावभर सांगत असत. मारुतीच्या पारावर सकाळपासून बसणारे तीन म्हातारे म्हणजे कोरस. शोकांतिकेतला कोरस स्वतः काही करत नाही, बाजूला उभा राहून चाललेल्या गोष्टीवर बोलत राहतो. आमचा कोरस बसून बोलायचा, एवढाच फरक.

आणि ह्यूब्रिस म्हणजे काका. ह्यूब्रिस हा साधा गर्व नाही. देवांनाही खटकेल असा माज. काका वॉर्डातून ग्रामपंचायतीच्या मेंबरकीला उभे होते. आधी दोनदा पडलेले, आता साठी उलटलेली, ही शेवटची खेप हे त्यांनीच जाहीर केलेलं. पण मतं मागायला घरोघर जायचं म्हटलं की म्हणायचे, "माह्याच वॉर्डात मले हात जोडा लागते का बे?" निकालाच्या आधीच त्यांनी बँडवाल्याला सांगून ठेवलं होतं. मी खूश झालो. एवढं चोख उदाहरण गाईडातही नव्हतं. मी ते पारावर सांगितलं, चौकात सांगितलं, एकदा तर काकांच्या तोंडावरही सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "शिक, शिक. तुह्या पेपराले तरी कामी पडलो."

मतदानाच्या दिवशी त्यांनी मला एकच काम दिलं. पारावरचे तिघेही काकांचे हक्काचे मतदार. पण आमच्याकडे म्हातारी माणसं मतदानाला चालत जात नाहीत. उमेदवाराची गाडी यावी लागते, ओळखीच्या कोणीतरी "चला आबा" म्हणावं लागतं. गाडी नाही आली तर घरासमोरच्या शाळेतही जाणार नाहीत, असा तो मान. काकांनी जीपची चावी माझ्या हातात दिली. "साडेपाचले गेट बंद होते. त्याच्या आत तिघाईले आन."

मी साडेचारलाच पारावर पोहोचलो. वेळ भरपूर होता. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काऊन रे, तू तुह्या काकाले काय म्हनून राह्यला गावात?" झालं. मी जीपला टेकून ह्यूब्रिसपासून सुरू केलं आणि हमार्शियावर आलो. मोठ्या माणसाच्या हातून होणारी एक चूक, सगळं बुडवणारी. सोयीसाठी एक राजा घेतला.

"वावर किती एकर होतं त्याच्याकडे?" पहिल्यानं विचारलं.

"राजाच तो, आबा. सगळंच त्याचं."

"मंग भावकीचा वाद असन," दुसरा म्हणाला. तिसऱ्याला राजाला पोरं किती, तेच हवं होतं. कोरस इतका रंगला आणि मी तर काय, आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझं व्याख्यान ऐकत होतं! राजाला पुरता रसातळाला नेऊन मी घड्याळ पाहिलं. पाच वाजून पस्तीस मिनिटं.

शाळेपाशी पोहोचलो तेव्हा गेट बंद होतं आणि पोलीस दादा आतून नाही म्हणत होता. मी मुकाट्यानं जीप वळवली. तिघांना पारावर सोडताना एक जण म्हणाला, "हे कोनाले सांगाचं नाही." गावावर अखंड बोलणारा कोरस त्या दिवसापासून गप्प झाला.

निकाल लागला. काका दोन मतांनी पडले. पारावरचे तिघे वेळेत गेटच्या आत गेले असते, तर एका मतानं निवडून आले असते. खरं काय आहे ते माणसाला उशिरा उमगतं, त्यालाही ग्रीकांकडे एक शब्द आहे. गावातलं कोणीच न मिळाल्यानं त्या शब्दापुढची जागा मी वहीत कोरी ठेवली होती.

काका मात्र येईल त्याला सांगत, "पुतन्या म्हनत होता माहा, गर्व नडते म्हनून. बराबर होतं त्याचं." मी तिथंच बसलेला असायचो. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी काका एकटे गोठ्यात होते, तिथं जाऊन मी सगळं सांगून टाकलं. राजा, घड्याळ, बंद गेट.

काकांनी बैलापुढे कडबा टाकला. "मले माहीत हाये," ते म्हणाले. "मी शाळेसमोर गिरनीच्या ओट्यावरच बसेल होतो. तुमचीच वाट पाहून राह्यलो होतो."

"मंग तवाच काऊन नाही बोलले, काका?"

"त्या तिघाईसमोर तुहा पानउतारा करू का बे?" ते म्हणाले. "अन् तू आपल्या तोंडानं सांगतं का नाही, ते पाह्यचं होतं मले."

काका हात झटकून घरात गेले आणि काकूला म्हणाले, "चहा टाक. दोन कप."