उंबऱ्यावरची भाकर

आमच्या मालकाचं नाव धुळाजी. बाईनं नवऱ्याचं नाव घेऊ न्हाई म्हणत्यात, पण ते गेले आता, अन् मी कुणाचं सांगून राह्यले हे तुम्हाला कळाय पाहिजे. मेंढरं राखणारा माणूस. अंगानं वाळका, बोलणं कमी, अन् भेकड. हो, भेकडच. लांडगा आला तर काठी घेऊन सामोरे जायचे, पण रिकाम्या घरात एकट्यानं पाय ठेवायचे न्हाईत. त्यांची आई सांगायची, माळावर मेलेल्या मेंढक्याची शीळ ऐकू आली तर मागं वळून बघू नको. ते जल्मभर मागं वळून बघायला भ्यायचे.

आमचा कसबा अंबडापासून दोन कोसावर. त्यात दोन गल्ल्या उपऱ्यांच्या. मारवाडी मावळतीकडनं आलेले, साळी उगवतीकडनं, तेलंगणातून. माझे सासरे सांगायचे, दोघांचेही आजे एकाच दुष्काळाच्या आगंमागं पायी चालत आल्ते. एकाच्या खांद्यावर तराजू, दुसऱ्याच्या खांद्यावर मागाची फणी. दोघांनाही पहिली भाकर आमच्याच लोकांनी दिली. मंग तीन पिढ्यांत एक गल्ली दगडी झाली अन् दुसरी मातीचीच राह्यली.

लोक म्हणत्यात, मारवाडी हुशार अन् साळी दारुडे. काय बी बोलत्यात मेले. नरसय्या साळ्यानं जल्मात शिंदीला तोंड लावलं न्हाई, अन् आमच्या मारवाडी गल्लीत दोन-तीन असे ठोंबे होते की त्यांना शेर अन् पायली कळत न्हवती. मी माझ्या डोळ्यानं बघितलेलं सांगते. मारवाडातून नवा माणूस आला की सहा महिने गल्लीतल्या सगळ्यांत मोठ्या आडत्याच्या, जसकरणशेठच्या चुलीवर जेवायचा, त्याच्याच आडतीत शिकायचा, अन् मंग सगळे मिळून त्याला दुकान थाटून द्यायचे. साळ्याचा भाऊबंद आला तर तो बी उपाशी, अन् ज्याच्या दारात आला तो बी उपाशी. सूत शेठचं, विणलेलं लुगडं शेठचं, साळ्याचे फक्त हात. हात थांबले की चूल थांबली. शेठ माणूस वाईट न्हवता, हे बी बराबर सांगाय पाहिजे.

पिलेग आला ते निजामाच्या राजातलं फसली तेराशे पस्तीसचं साल. आधी उंदीर पडले. आढ्यावरून टपकन खाली यायचा, जागच्या जागी गोल फिरायचा अन् मरायचा. तहसिलीचा हुकूम आला, तीन दिवसांत कसबा खाली करा, माळावर झोपड्या टाका. येशीला शिपाई बसला. जो परत आत जाईल त्याची झोपडी जाळू अन् त्याला कोठडीत टाकू, अशी दवंडी पिटली.

माळावर सगळ्यांच्या झोपड्या सारख्याच, ताट्याच्या. लांबून बघणाऱ्याला कळलं नसतं कोण शेठ अन् कोण साळी. आठ दिवसांत कळाय लागलं. मारवाड्यांकडं जालन्याहून नात्यातल्यांच्या गाड्या यायच्या, आटा, डाळ, तुपाचे डबे. ते चार महिने बसून खाऊ शकत होते. साळ्यांचे सगे बी जालन्यात होते, पण ते स्वतःच दुसऱ्याच्या मागावर वाकलेले, ते काय गाडी धाडणार? तिसऱ्या आठवड्यात साळ्यांच्या बाया कापलेल्या रानात सरवा वेचत फिरू लागल्या.

मंग शेठच्या मुनिमाला तहसिलीतून चिठ्ठी मिळाली. घरात धान्य, सोनं असंल त्यानं शिपायासंगं जाऊन दिवसाउजेडी काढून आणावं. नरसय्या बी चिठ्ठी मागायला गेलता. कारकुनानं विचारलं, तुझ्या घरात काय हाय? माग हाय, म्हणला, त्यावर अर्धं लुगडं हाय. कारकून हासला. माग कोण चोरतंय, म्हणला, जा. दोन दिवसांनी नरसय्या माळावरून दिसेनासा झाला. त्याची बायको लचमव्वा आमच्या शेजारच्या झोपडीत राहायची. ती म्हणली, जालन्याला गेलेत, कापसाच्या कारखान्यात कामाला.

आता आमचं सांगते. मारवाड्यांनी मिळून रिकाम्या कसब्याला राखणदार ठेवला होता, धर्मराज म्हणून. चौथ्या दिवशी त्याच्या काखेत गाठ आली अन् सहाव्या दिवशी तो गेला. मंग कुणी तयार होईना. त्या साली आमची मेंढरं रोगानं बसली होती, घरात दाणा न्हवता, अन् राखणदाराला महिन्याला दोन पोती जवारी मिळत होती. मालक म्हणले, मला भ्या वाटतं. मी म्हणले, भ्या वाटतं तर लेकरांना भ्या खाऊ घाला. मीच धाडलं त्यांना, खोटं कशाला बोलू. ते येशीतून आत गेले अन् तवापासून माझा जीव एकाच गोष्टीत अडकला. माझा माणूस जिता बाहेर यावा, बाकी कसबा मातीत गेला तरी चालंल.

त्यांना बाहेर यायची मनाई होती. रोज दुपारच्या आधी मी येशीबाहेरच्या धोंड्यावर भाकर ठेवून दहा पावलं मागं सरकायची, मंग ते येऊन घ्यायचे. तेवढंच बोलणं. ते म्हणायचे, सखू, आत चिमणी बी बोलत न्हाई. ऊन यावं म्हणून लोकांनी घरांवरची कौलं काढून ठेवली होती, त्यातून आत बघितलं तर भांडी मांडलेली, चुलीपुढं पाट ठेवलेला, जसं आत्ताच कुणी उठून गेलंय. मारवाडी गल्लीत कुणाचं तरी धोतर वाळत राह्यलं होतं, ते वारं नसतानाही हलायचं. साळी गल्लीत दारांना कुलपंच न्हाईत, नुसती सुतळी बांधलेली.

लचमव्वा एक दिवस सकाळी माझ्याकडं आली. हातात भाकर, फडक्यात गुंडाळलेली.

"अक्का, एक काम करा. आमच्या मागावर अर्धं लुगडं राह्यलं. आमच्यात अर्धं वस्त्र टाकून घर सोडलं की घराण्यातले मोठे येऊन मागावर बसत्यात. त्यांना रोज एक भाकर अन् तांब्याभर पाणी लागतं. मालकाला सांगा, उंबऱ्यावर ठेवा."

"अन् न ठेवली तर?"

"ठेवाच. अन् आत बिलकुल बघू नका. बघितलं की ते उठून बघणाऱ्याच्या मागं येत्यात."

मला राग आला. एक तर माझा माणूस भेकड, त्यात हिचं हे लचांड. पण पिलेगात कुणाच्या देवाला नको म्हणायची हिंमत होत न्हाई. मी भाकर नेली अन् मालकाला सगळं सांगितलं. त्यांचं तोंड उतरलं. तरी त्यांनी भाकर ठेवली.

दुसऱ्या दिवशी म्हणले, भाकर न्हाई, तांब्या रिकामा.

मी म्हणले, मांजरानं खाल्ली असंल.

"मांजर तांब्या पालथा घालून ठेवत न्हाई, सखू."

तिसऱ्या दिवसापासून माग वाजाय लागला. रातीला न्हाई, भर बाराला. ऊन डोक्यावर आलं, सावली पायाखाली गेली की साळी गल्लीतून आवाज यायचा, खट्, खट्, अन् मधी धोटा सरकल्याची सरसर. घडीभर, दोन घडी. ऊन कललं की बंद. मालक भाकर ठेवायला जायचे तवा तो आवाज दारापलीकडं, पाच हातांवर. ते डोळे मिटून भाकर ठेवायचे, पाणी ठेवायचे अन् पाठ न फिरवता उलट्या पावलानं गल्लीबाहेर यायचे. एकदा म्हणले, मी पाणी ठेवताना माग थांबला. आत कुणीतरी श्वास घेतला. मी गेल्यावर परत चालू झाला.

पंधरा दिवसांत माझा माणूस निम्मा झाला. डोळे आत गेले, दाढी पांढरी दिसाय लागली. बोलताना सारखा मागचा कानोसा घ्यायचे. मी म्हणले, या बाहेर, खड्ड्यात गेली ती जवारी. ते म्हणले, अन् लेकरं? मी रोज त्यांच्या काखेकडं बघायची. ते पाणी प्यायला हात वर करायचे तवा गाठ दिसती का ते शोधायची.

एक दिवस मी लचमव्वाच्या झोपडीवर भांडायला गेले. तिची दोन लेकरं आंबील पीत बसली होती, पाण्यासारखी पातळ. ती भाकर थापून राह्यलती, एकच, चांगली जाड.

"तुझ्या म्हाताऱ्याला सांग, माझ्या नवऱ्याला सोड म्हणावं. तो मरंल भ्यानं."

ती तव्यावरची भाकर उलटत म्हणली, "थोडेच दिवस, अक्का. लुगडं पुरं झालं की ते उठतील. जल्दीच उठतील."

मी आंधळी. भुताला आख्खी भाकर अन् लेकरांना आंबील, हे समोर बघून बी माझ्या डोक्यात उजेड पडला न्हाई. मला वाटलं, काय ही यांची भक्ती. उलट मी माळावर चार बायांना सांगितलं की तेलंगी लोक असेच राह्यले, जे हाय ते देवाला घालत्यात. थोबाड फोडावं असं वाटतंय आता स्वतःचं.

मंग एक दिवस मी भाकर देऊन येशीबाहेरच बसले होते, तर मालक पळत परत आले. आज माग वाजला न्हाई, म्हणले. आज लाकडावर लाकूड वाजून राह्यलं. एकदा वाजायचं, थांबायचं, परत एकदा. जसं कुणी बोलवून राह्यलं. त्यांनी कानात बोटं घातली, भाकर-पाणी उंबऱ्यावर टाकलं अन् पळाले. मला म्हणले, उद्या मी जाणार न्हाई. मी म्हणले, जा, न्हाई तर ते तुमच्या मागं येईल.

दुसऱ्या दिवशी मी जीव मुठीत धरून गेले. बघते तर मालक येशीत उभे, अन् तोंडावर हासू. महिन्यात पहिल्यांदा.

"गेलं, सखू. गल्ली गपगार झाली. कालची भाकर तशीच पडलीय, तांब्याला हात बी लागला न्हाई."

ते तिथंच खाली बसले अन् माझ्यासमोर दोन भाकरी खाल्ल्या. मला रडू आलं. देव पावला म्हणून मी येशीलाच हात जोडले अन् तशीच पळत माळावर आले. लचमव्वा झोपडीपुढं सुपात सरवा पाखडत बसली होती.

"लचमव्वा, तुझा म्हातारा उठला गं," मी लांबूनच म्हणले. "सुटलो एकदाचे. काल दिवसभर लाकूड वाजवत होता, आज सगळं शांत. कालची भाकर बी तशीच, मुंग्या लागल्यात तिला. पाणी बी तसंच."

मी हासून राह्यलते. तिनं सूप खाली ठेवलं. हळू ठेवलं, दाणा सांडू दिला न्हाई. मंग उठली अन् येशीकडं चालाय लागली.

मी मागं गेले. हाक मारली, पदर ओढला, तिनं बघितलं न्हाई. शिपाई ओरडला, तिला ऐकू गेलं न्हाई. मालक आडवे आले, म्हणले, बाई, आत जाऊ नका, आत्ताच गेलंय ते.

"ते न्हाई," ती म्हणली. "माझा नवरा हाय आत."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मला कळलं अन् त्यांना बी कळलं, एकाच वेळी. मंग ते वळले अन् तिच्या पुढं पळाले. ज्या दारात डोळे मिटून उभे राहायचे ते दार त्यांनी लाथ मारून उघडलं.

नरसय्या मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला, डोकं लुगड्यावर टेकलेलं. काखेत गाठ. हातात धोटा, त्यानंच तो लाकडावर मारून राह्यलता. चिठ्ठी मिळाली न्हाई म्हणून चोरून गेलता, लुगडं पुरं करून मजुरी मिळवायला. रातीला दिवा लावला तर शिपायाला दिसला असता, म्हणून काढलेल्या कौलातून ऊन खड्ड्यात पडायचं तेवढ्याच वेळात विणायचा. उंबऱ्यावरचं पाणी त्याच्यापासून पाच हातांवर होतं. मालक म्हणले, अंग अजून कोमट होतं. हे त्यांनी मला सांगितलं, तिला कधीच न्हाई.

शिपायांनी माग अन् लुगडं जाळलं. जसकरणशेठनं सरपण धाडलं, सूत मागितलं न्हाई. त्याच दिवशी त्याच्याकडं जालन्याहून दोन गाड्या आल्त्या, त्यातलं अर्धं पोतं आटा त्यानं लचमव्वाच्या झोपडीत उतरवला. पाऊस पडायच्या आधी सगळे कसब्यात परतले. मारवाडी गल्लीत कुलपं निघाली, दुकानं लागली. लचमव्वा शेठच्या जिनिंगात कापूस निवडायला जाऊ लागली, अन् तिची लेकरं बी मोठी होऊन तिथंच लागली.

मालक त्यानंतर कुठं बी काही वाजलं तर आत जाऊन बघायचे. कुणाच्या बंद घरात भांडं पडलं, कुठं म्हातारं खोकलं, हे काठी टेकत दारात हजर, कोण हाय म्हणून. लोक हासायचे. भ्या मात्र गेलं न्हाई त्यांचं. तरी कडी काढायचे. पोलीस ॲक्शनच्या साली, रझाकारांच्या गडबडीनंतर, ते बिछान्यावरच गेले.

तेराव्याला लचमव्वा आली. म्हातारी झालती, पाठ वाकलेली. माझ्याजवळ बसली, माझा हात धरला. बावीस वर्सांत मी जे विचारलं न्हाई ते तवा विचारलं.

"लचमव्वा, मला तवा खरं का सांगितलं न्हाईस गं?"

"तुम्ही मालकाला सांगितलं असतं, अक्का. मालकानं शिपायाला."

मी न्हाई म्हणणार होते. सांगितलंच असतं मी. मला माझा माणूस जिता पाहिजे होता. मी सांगितलं असतं, शिपायानं नरसय्याला बखोट धरून बाहेर ओढला असता, त्याची झोपडी जाळली असती, त्याला कोठडीत घातला असता. अन् तो जगला असता.