माळ्यावरच्या मेणबत्त्या आणि वाळूतलं मडकं

आमच्या घरी अडीअडचणीसाठी आणलेल्या मेणबत्त्या अडचण यायच्या आधीच वितळल्या. आमच्या ह्यांनी त्या माळ्यावर ठेवल्या होत्या, थेट पत्र्याखाली. दोंडाईचात मे महिन्यात पत्र्याखाली काय होतं हे इथेच जन्मलेल्या माणसाला मी काय सांगायचं! डबा उघडला तर आत एकच पांढरा गोळा आणि त्यात वाती वेड्यावाकड्या अडकलेल्या. मी पोट धरून हसले. हे मात्र तो गोळा डब्यात टाकून लगेच नव्या मेणबत्त्या आणायला निघाले.

त्यांच्या ह्या घाईला कारण होतं. आदल्या उन्हाळ्यात मोठं वादळ झालं, खांब पडले आणि वीज गेली ती कित्येक दिवस आलीच नाही. माझे सासरे, म्हणजे आबा, रोज इन्सुलिन घेतात. त्यांची बाटली फ्रिजच्या दारात असते. बंद फ्रिजमध्ये ती तापून निकामी झाली, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. आबा तीच टोचून घेत राहिले, साखर चढत गेली आणि शेवटी त्यांना धुळ्याच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. ते बरे होऊन घरी आले, पण ह्यांच्या मनातून ती भीती काही गेली नाही.

खरं तर आमच्याच गल्लीत बर्फ विकणारं एक दुकान आहे, जनरेटरवर चालणारं. नुसतं सांगितलं असतं तरी बाटली तिथे ठेवता आली असती. पण आबांच्या साखरेबद्दल उंबऱ्याबाहेर चकार शब्द काढायचा नाही, असा त्यांचा हुकूम होता. मी विषय काढला की म्हणायचे, "लोकेसले कसाले सांगनं? मी काय मरी राह्यनू का?" आयुष्यभर मिरचीच्या व्यापारात आवाज चढवून बोललेला माणूस. आपल्याला कोणी बिचारा म्हणावं, हे त्यांना दवाखान्यापेक्षा जड वाटायचं.

मग ह्यांनी जी तयारी सुरू केली ती विचारू नका. मोबाइलवर आलेला वादळाचा प्रत्येक व्हिडिओ खरा मानायचा आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून काहीतरी घेऊन यायचं. बॅटऱ्या, दोरखंड, शिट्ट्या, तयार शेवयांची पाकिटं. शेवयांवरून माझं डोकंच फिरलं. घरात कुरडया, ज्वारीचे बिबडे, पापड, सांडगे, भाकरीला कळण्याचं पीठ, सगळं डब्यांत भरलेलं. आम्ही बायका उन्हाळाभर एकमेकींच्या अंगणात पाळीपाळीने हेच तर करतो. "अहो, ह्या घरात महिनाभर कोणी उपाशी मरणार नाही. मरायचंच झालं तर तुमच्या दोरखंडात पाय अडकून मरू," असं मी एकदा तोंडावर म्हणाले. ते हसले नाहीत. रात्री वारा सुटला की उठून बसायचे. असं भीत भीत किती दिवस जगणार माणूस?

म्हणून मी एकच प्रश्न धरला. वीज गेली तर आबांचं औषध गार कसं ठेवायचं? बाकी सगळं निभतं. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी उपाय सांगितला होता: मोठ्या मडक्यात ओली वाळू, तिच्यात लहान मडकं, त्यात कोरड्या डब्यात बाटली आणि वर ओलं फडकं. कुंभाराकडून दोन्ही मडकी आणली आणि ओसरीच्या कोपऱ्यात, वारा लागेल अशी मांडली. आबांनी बघितलं आणि म्हणाले, "हाई काय नवं खूळ?" मी म्हटलं, "तुमचा फ्रिज." ते तोंड फिरवून बसले.

आणि मेणबत्त्या वितळल्या त्याच मे महिन्यात पुन्हा वादळ आलंच. नेमके हे मिरचीचा माल घेऊन सुरतेला गेलेले. वाऱ्याने न्हाणीघरावरची टाकी खाली आणली, वीज गेली, आणि झाडं पडल्यामुळे रस्ताही बंद झाला, म्हणून बर्फाचं दुकानही उघडलं नाही. सकाळी आकाश असं स्वच्छ की काही झालंच नाही, आणि ऊन मात्र नेहमीचंच, चटके देणारं. मी बाटली मडक्यात ठेवली. वाळू सतत ओली ठेवायला हवी होती, आणि रांजणात जेमतेम पिण्यापुरतं पाणी उरलं होतं.

समोरच्या शिंपीचाचांच्या अंगणात हातपंप आहे. सगळी गल्ली तिथे रांगेत उभी होती, कोणी हंडा, कोणी कळशी घेऊन. सगळ्यांना प्यायला पाणी हवं, तिथे मी वाळूवर ओतायला बादली कोणत्या तोंडाने मागणार? आणि कशाला हवी ते सांगायचं तर आबांचा हुकूम मोडायचा. मी बादली धरून दारातच घुटमळत राहिले. धुळ्याच्या दवाखान्यातली आबांची खाट डोळ्यांसमोरून हलत नव्हती. शेवटी मी ठरवलं, आबा बोलणं सोडतील तर सोडोत, आज सांगायचंच.

तेवढ्यात मागून कोणीतरी बादली ओढून घेतली. आबा होते. टोपी नीट केली, रस्ता ओलांडला आणि रांगेच्या पुढे जाऊन सगळ्यांदेखत चाचांना म्हणाले, "भाऊ, एक बादली पानी दे. पेवाले नही. माले साखर शे, सुईनं औषध गार ठेवनं शे."

त्यांचा आवाज बाजारातल्यासारखाच चढा होता. चाचांनी पंपाचा दांडा सोडला आणि आबांच्या अगदी जवळ आले.

"आबा, मालेबी शे," ते म्हणाले. "घरबाहेर कोनलेच सांगं नही. कालपाइन मन्ही बाटली फ्रिजमाच पडेल शे."

आबांचा तो खास ओरडा बाहेर पडला, "मंग उभा कसाले? ली ये ना!"

चाचांची बाटलीही तापली असेल म्हणून मी धावत त्यांच्या सुनेला विचारायला गेले. पण तिने चाचांना न सांगताच ती रात्री फ्रिजमधून काढून बर्फाच्या थर्मासात ठेवली होती, नुसता बर्फ तेवढा संपत आला होता. ओल्या रुमालात गुंडाळून चाचांनी ती आणली आणि आबांनी स्वतःच्या हाताने आपल्या बाटलीशेजारी ठेवली. मग ओसरीत मडक्याजवळ खुर्ची टाकून बसले. वीज येईपर्यंत तिथून हलायला तयार नव्हते. वाळू जरा सुकली की रस्त्यापलीकडे हाक मारायचे, आणि चाचा तांब्या भरून घेऊन यायचे.

हे सुरतेहून आले तेव्हा दोघं म्हातारे मडक्यापाशी बसून पापड खात होते. ह्यांनी धावत जाऊन फडकं उचललं, आत हात घातला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "दोन कशा?"

"एक मन्ही, एक ह्यानी," चाचांकडे बोट दाखवत आबा म्हणाले. "हात काढ, आत गरम हवा जास."