टाक्यातली तुरटी

तेव्हा मी अवघी साठीची होते, म्हणजे अक्कल यायची होती. लातूरच्या आमच्या घरामागं सुनेनं ताडपत्रीचं टाकं करून त्यात स्पिरुलिना नावाचं शेवाळ वाढवलं होतं. ते फडक्यातून गाळायचं, सावलीत वाळवायचं. मग थंड पाण्यात भिजवलं की निळाशार रंग उतरायचा. शेवाळ गाळून उरलेलं पाणी परत टाक्यात, रंग काढल्यावरचा चोथा कोंबड्यांना. एका मिठाईवाल्याला तो रंग हवा होता आणि त्याच आठवड्यात नमुना द्यायचा होता.

सून एका दिवसासाठी बिलोलीला माहेरी निघाली. "आत्या, टाकं बांबूनं ढवळत राहा. पाणी आटलं तर टँकरचं घाला. दुसरं काही करायचं न्हाई."

"हाव गं! मी काय कुकुलं बाळ हाय?"

बाळ परवडलं असतं. टँकरचं पाणी गढूळ होतं. चार बादल्या ओतल्या आणि हात आपोआप तुरटीकडं गेला. लग्न होऊन आल्यापासून आमच्याकडं तुरटी फिरवल्याशिवाय पाणी वापरलंच नाही. खडा अर्धा झिजेपर्यंत टाक्यात फिरवला, वर स्वतःलाच शाबासकी दिली.

घटकाभरात हिरवं पाणी नासल्या दुधासारखं फाटलं. गुठळ्या तळाला बसल्या. वर नितळ पाणी आणि त्यात माझं तोंड. ढवळलं, पुन्हा बसलं. पोरीनं दोन वर्षं जपलेलं पीक मी दुपारच्या चहाआधी मारलं होतं. गल्लीत स्कूटर वाजली की सूनच आली वाटून मी दाराआड व्हायचे. 'ऊन लई होतं' अशी थापही रचली, आरशापुढं दोनदा म्हणून पाहिली.

संध्याकाळी सून आली. मी तोंड उघडायच्या आत तिला कठड्यावरचा खडा दिसला. मी शहाणीनं पुरावा तिथंच ठेवला होता.

"तुरटी फिरवली, आत्या?"

"...हाव."

ओरडली असती तर बरं वाटलं असतं. "हे आता कोणाच्या पोटात न्हाई जायचं," एवढंच म्हणाली आणि टाकं उपसायला लागली. मग लोणच्याच्या बरण्यांमागून तिनं बियाण्यासाठी राखलेल्या शेवाळाची काचेची बरणी काढली. पाण्याला जेमतेम हिरवी झाक. "एवढंच उरलंय. जगलं तर जगलं."

नमुना गेला नाही. पुढं कित्येक दिवस उठल्याउठल्या देवाआधी मी बरणी पाहायचे. आज पाणी पांढरं पडलेलं असणार, असं रोज वाटायचं. हिरवं गडद व्हायला लागलं तरी बरणीजवळ मोठ्यानं शिंकायचीसुद्धा भीती वाटे.

आता टाकी तीन आहेत. टँकर आला की सून आधी तुरटी लपवते. कुठल्या डब्यात, ते मला पक्कं ठाऊक आहे. पण तो डबा उघडायची अजून छाती होत नाही.